जागा अडवून बसलेली माणसं

त्या शुक्रवारी दातांच्या दवाखान्याच्या वेटिंग रूममध्ये सगळ्यात जास्त कळ सोसत बसलेली माणसं पेशंट नव्हती, घरचीच होती.

खिडकीजवळच्या खुर्चीत मोठे डॉक्टर बसले होते. त्यांनी चिमटा खाली ठेवून एक जमाना झाला होता, पण रोज सकाळी कडक इस्त्रीचा शर्ट घालून ते वरच्या मजल्यावरून खाली उतरत आणि पेशंटांमध्ये पेशंटासारखे बसत. एखाद्या नव्या माणसाला दया येई. तो म्हणे, "आजोबा, माझ्या आधी तुम्ही जा." मग मोठे डॉक्टर दारावरच्या पाटीकडे बोट दाखवत, जिच्यावर त्यांचंच नाव होतं, आणि त्या भल्या माणसाला तिथल्या तिथे तोंड उघडायला लावून चार दोष काढत.

त्यांच्या समोर त्यांचा धाकटा मुलगा, वकील. तो कोर्टाला दांडी मारून आला होता आणि मांडीवर फाइल धरून बसला होता, कारण फाइल नसली की त्याला हातांचं काय करावं ते कळत नसे. आणि कोपऱ्यात, वकिलाचं तोंड दिसणार नाही अशी खुर्ची वळवून, थोरली सून. तिला घरीदारी सगळे वहिनीच म्हणत. वाटण्यांच्या वेळी वरची गॅलरी कोणाकडे जावी यावरून जे व्हायचं ते झालं, आणि तेव्हापासून वहिनी आणि वकील एकमेकांशी बोलत नसत. गॅलरीत त्यानंतर कोणीच बसत नव्हतं ते वेगळं. बोलायचंच झालं तर दोघं आत्यामार्फत बोलत.

आत्या काउंटरवर होती. ती मोठ्या डॉक्टरांची मधली मुलगी. पण पेशंटांचीही आत्या, औषधवाल्याचीही आत्या, आणि फोनवर चुकून लागलेल्या माणसाचीसुद्धा दुसऱ्या वाक्याला आत्याच.

"ताई, वहिनींना विचार, विद्यापीठाकडून काही आलं का," वकील म्हणाला.

"वहिनी, काही आलं का?"

"आलं असतं तर मी अशी बसले असते का, म्हणावं त्यांना."

"नाही आलं," आत्याने निरोपाचा तेवढाच भाग पोचवला.

विषय बारकीचा होता. बारकी ही वहिनींची आणि धाकट्या डॉक्टरांची एकुलती एक मुलगी. धाकटे डॉक्टर खरं तर मोठ्या डॉक्टरांचे थोरले चिरंजीव आणि पन्नाशी ओलांडून गेलेले, पण वडील समोर बसलेले असल्यामुळे धाकटेच राहिले होते. दोन पिढ्या लोकांच्या दातांवर जगलेल्या या घरात पोरीने मृदाशास्त्र निवडलं, तेव्हा मोठे डॉक्टर म्हणाले होते, "एवढे दात सोडून माती खायला निघाली." आता तिला पुढचं शिकायचं होतं. डोंगरावरच्या विद्यापीठाला घरात 'वरचं' म्हणत, नदीकाठच्या सपाटीवरच्याला 'खालचं'. उतारावरची माती पावसात का आणि कशी घसरते, याचा अभ्यास फक्त वर होता, आणि बारकीला तेच करायचं होतं. वरच्यांनी तिला प्रतीक्षायादीत टाकलं होतं. कितवी ते सांगितलं नव्हतं. खालच्यांनी सरळ प्रवेश दिला होता, पण तिथे सगळा मुलूख ताटासारखा सपाट. विद्यापीठ कुठलंही असो, ज्यांना प्रवेश मिळाला त्यांनी आज संध्याकाळी पाचच्या आत होय किंवा नाही कळवायचं होतं.

"खालचं घ्यायचं नाही," मोठ्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी निकाल दिला होता. "आपल्या घरातलं माणूस खालच्या विद्यापीठात जाणार नाही. पण सोडायचंही नाही. हातात आलेली गोष्ट सोडायची नाही."

"मग करायचं काय?" वहिनींनी विचारलं होतं.

"धरून बसायचं."

तेव्हापासून बारकी होयही नाही, नाहीही नाही, अशी ती जागा धरून बसली होती.

वरचं विद्यापीठ आपल्या बाजूला वळवायचे प्रयत्न मात्र घरातल्या प्रत्येकाने आपापल्या परीने आणि दुसऱ्याला न सांगता केले होते. यादी आहे म्हणजे तिच्यात वर-खाली करता येतं, यावर या घराचा ठाम विश्वास होता, कारण दवाखान्याची यादी तशीच चालायची. वकिलाने निवडीचे निकष मागणारं पत्र धाडलं, त्यात 'अन्यथा' हा शब्द होता. वहिनींनी कार्यालयात फोन करून आपण बारकीची मैत्रीण असल्याचं भासवलं आणि बारकीच्या स्वभावाची इतकी तारीफ केली की पलीकडच्या कारकुनाने विचारलं, "तुम्ही आई का?" मोठ्या डॉक्टरांनी एका दिवंगत कुलगुरूंबरोबरचा आपला फोटो पाठवला. कुलगुरू फोटोत हसत होते आणि ती बत्तिशी कोणी बसवली हे मागे लिहिलं होतं. शेवटी विद्यापीठाने बारकीला दोन ओळींची मेल केली, की कृपया कुटुंबीयांनी संपर्क करू नये. ती मेल वाचून सगळ्यांनी एकमेकांकडे संशयाने पाहिलं.

"आणि पाचपर्यंत नाहीच आलं तर?" वकिलाने विचारलं.

"तर वर्षभर इथे काउंटरला बसेल," मोठे डॉक्टर म्हणाले. "पुढल्या वर्षी बघू. आणि मग तू सुटलीस गं," ते आत्याकडे वळून म्हणाले. "किती वर्षं मागे लागली होतीस."

आत्याने मान खाली घालून उगाच अपॉइंटमेंटच्या वहीवर रेघ ओढली.

आत्या कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना काउंटरवरची बाई नोकरी सोडून गेली. "नवं माणूस मिळेपर्यंत तू बस," असं तेव्हा मोठे डॉक्टर म्हणाले. नव्या माणसासाठी जाहिरात द्यायला हवी होती, पण जाहिराती द्यायचं काम काउंटरचं, आणि काउंटरवर तर आत्याच होती, तिला वेळ कुठला! असं होता होता केस पिकले. तिची एक कॉलेजातली मैत्रीण दुसऱ्या गावी पुस्तकांची बांधणी करायचा छोटा कारखाना चालवायची. माडीवरची एक खोली आणि खिडकीखालचं एक टेबल तिने आत्यासाठी ठेवलं होतं. दर फोनला ती विचारायची, "देऊन टाकू का गं टेबल कोणाला?" आणि दर फोनला आत्या म्हणायची, "जरा थांब." काउंटरवर बारकी बसली की आत्या मोकळी, हा हिशोब मोठ्या डॉक्टरांनी उघड मांडला होता, आणि खरं सांगायचं तर पहिल्यांदा ऐकला तेव्हा आत्याला आनंद झाला होता. त्या आनंदाची तिला अजून लाज वाटत होती. जिन्याच्या खालच्या पायरीवर फोन हातात धरून बसलेली पोर दिसली की ती लाज पुन्हा वर यायची.

अशात दार ढकलून एक मुलगी आत आली. एक गाल फुगलेला, डोळ्यांत पाणी.

"अक्कलदाढ," तिने काउंटरला टेकत सांगितलं. "उभं राहवत नाही."

"बसा. काय करता?" आत्याने सवयीने विचारलं.

"शिकते. मृदाशास्त्र. आता पुढचा प्रवेश मिळालाय, वरच्या विद्यापीठात."

आत्याचं पेन थांबलं. वकिलाची फाइल मांडीवरून घसरली. वहिनींनी इतक्या दिवसांत पहिल्यांदा खुर्ची सरळ केली.

"वा वा," आत्या म्हणाली. आवाज शक्य तितका साधा ठेवला. "मग कळवलंत का त्यांना?"

"अजून नाही हो. आज पाचपर्यंत कळवायचंय. दुसरीकडचंही एक आहे मनात. काहीच ठरत नाहीये, आणि त्यात ही दाढ."

"तुम्ही आत चला," आत्या म्हणाली. "लगेच."

कवळी बसवायला सकाळपासून ताटकळलेल्या एका गृहस्थांनी हरकत घ्यायला तोंड उघडलं, पण त्यांच्या तोंडात कवळीच नसल्यामुळे हरकत नीट उमटली नाही.

मुलगी आत गेली आणि बाहेर जे घडलं ते या घराच्या इतिहासात नोंद व्हावं असं होतं. वहिनी उठल्या, थेट वकिलासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, ऐकलंत?"

"ऐकलं वहिनी," वकील म्हणाला. "तिने वरची जागा सोडली की एक जागा रिकामी."

"दुसरीकडचं आहे म्हणाली ना मनात?"

"मनात आहे. आपण ते ओठांवर आणायचं."

आत्याला हसू आलं. गॅलरीपायी तुटलेलं नातं एका दाढेने जुळवलं होतं. पण तीही त्यांच्या मागोमाग आत गेली, हे लपवण्यात अर्थ नाही.

धाकट्या डॉक्टरांनी भूल दिली होती आणि गालात कापसाचे बोळे ठेवून ते भूल चढायची वाट बघत होते. बायको, भाऊ, बहीण आणि काठी टेकत आलेले वडील असे एका रांगेत खुर्चीभोवती उभे राहिलेले पाहून त्यांना वाटलं, घरात कोणी गेलं.

"काय झालं?"

"काही नाही. पेशंटशी जरा बोलायचंय," वहिनी म्हणाल्या. "बाळ, तू वर जाणारेस ना? तिथे दमटपणा फार बरं का. माझ्या मावसबहिणीला तिथे गुडघेदुखी लागली ती कायमची."

"अंऽ," मुलगी म्हणाली.

"वसतिगृहाबद्दल तर बोलूच नका," वकील म्हणाला. "मी स्वतः एक केस बघितलीय. छताचं प्लास्टर. तपशील सांगत नाही, तुम्ही भुलेखाली आहात."

"अंऽऽ?"

"आणि तिथली माती!" मोठे डॉक्टर पुढे सरकले. "मी हयातभर बघतोय. एकदम भुसभुशीत. पाय टेकला की सरकते. तिचा काय अभ्यास करणार? थांबेल तर करशील ना!"

"बाबा, तिची जीभ जड झालीय, तिला बोलता येत नाही," धाकटे डॉक्टर म्हणाले.

"तेच बरंय. ऐकून तरी घेईल. कोणाचं ऐकतात का आजकालची मुलं!"

"दुसरीकडचं जे मनात आहे ना तुझ्या," वहिनींनी तिचा हात हातात घेतला, "तेच घे. मनाचं ऐकावं माणसाने."

मुलीने डोळे मोठे केले आणि मान जोरात हलवली.

"होय म्हणाली," वकील म्हणाला. "सगळ्यांनी पाहिलंय."

"नाही म्हणाली ती," धाकटे डॉक्टर म्हणाले. "सक्शनची नळी टोचतेय तिला."

तेवढ्यात बारकी दारात येऊन उभी राहिली. खुर्चीवर आडवी मुलगी, तिच्या तोंडात नळी, आणि वर वाकलेलं सगळं खानदान.

"हे काय चाललंय?"

उत्तर आत्याने दिलं. "हिला वर प्रवेश मिळालाय. आम्ही तो सोडवून घेतोय."

बारकीच्या चेहऱ्यावर आधी काही समजलंच नाही असं आलं, मग समजल्यावर ती कानापर्यंत लाल झाली. ती पुढे आली, वडिलांच्या हातातली नळी बाजूला केली, कापूस काढला आणि त्या मुलीला उठवून बसवलं. "सॉरी. खरंच सॉरी. मी तिथेच प्रतीक्षायादीत आहे, म्हणून हे सगळे असे वागतायत. तुला जिथे जायचंय तिथे जा."

मुलीने गाल चाचपला. भुलेमुळे तिचे शब्द तिरके येत होते. इथे ते सरळ करून दिले आहेत.

"पण मला वर जायचंच नाहीये," ती म्हणाली. "मी मघापासून तेच सांगतेय. मला गांडुळं हवीत."

"काय हवीत?" मोठे डॉक्टर म्हणाले.

"गांडुळं. गांडुळांवर काम करणाऱ्या बाई फक्त खालच्या विद्यापीठात आहेत. वर कोणाला गांडुळांचं काही पडलेलं नाही."

वहिनींचा चेहरा उजळला. "मग सोड ना वरचं! आत्ता सोड!"

"कशी सोडू? खाली मी प्रतीक्षायादीत आहे. पहिली. तिथल्या बाईंनीच सांगितलं, की एक जण जागा धरून बसलंय. होय पण म्हणत नाही, नाही पण म्हणत नाही. ती जागा सुटली की त्याच मिनिटाला मला मिळणार. नाही सुटली तर मला वर जावंच लागेल. दुसरं काही नाहीये माझ्याकडे."

"काय माणसं असतात एकेक!" मोठे डॉक्टर काठी आपटत म्हणाले. "स्वतःला नको ते दुसऱ्याला मिळू द्यायचं नाही!"

"याच्या विरोधात काहीतरी तरतूद हवी," वकील म्हणाला.

"आईबापांनी काही वळणच लावलं नसेल," वहिनी म्हणाल्या.

आत्या बारकीकडे बघत होती. पोरीने खालचा ओठ दाताखाली धरला होता. लहानपणी बरणी फोडली की ती असाच धरायची.

"ती मी आहे," बारकी म्हणाली.

मोठ्या डॉक्टरांनी काठीची मूठ निरखायला घेतली. वहिनी आणि वकील नेमके एकाच वेळी दुसरीकडे बघायला लागले.

पहिला सावरला तो वकील, कारण त्याचा धंदाच तो. "उत्तम! मग काय प्रश्नच मिटला. दोघींनी एकाच वेळी सोडायचं. मी तीन म्हणतो."

"मला चालेल," दाढवाली म्हणाली.

"पण मला तिची जागा मिळेलच असं नाही," बारकी म्हणाली. "हिला खालचं नक्की आहे. मी वर कितवी आहे ते मला माहीतच नाही. माझ्यापुढे दहा जण असतील."

"मग सोडायचं नाही!" मोठे डॉक्टर म्हणाले.

"बाबा, आत्ता तुम्हीच म्हणालात की अशी माणसं..." धाकट्या डॉक्टरांनी सुरुवात केली.

"ते दुसऱ्यांबद्दल म्हणालो."

"मी काय म्हणते, सरळ खालचंच घेऊन टाकावं," वहिनी म्हणाल्या. "सपाट तर सपाट. वर्ष वाया घालवून काउंटरवर बसण्यापेक्षा बरं."

"आणि या मुलीच्या गांडुळांचं काय?" वकिलाने विचारलं.

"तुम्हाला आपल्या मुलीपेक्षा गांडुळांची काळजी?"

"गांडुळांचा मुद्दा नाही, तत्त्वाचा मुद्दा आहे!"

"गॅलरीच्या वेळी कुठे गेलं होतं तत्त्व? आत्या, विचार त्यांना!"

"ताई, सांग त्यांना, गॅलरीचा इथे काय संबंध!"

संपली, आत्याच्या मनात आलं. पाव तासाची मैत्री संपली.

बारकी या गोंधळातून वाट काढत तिच्याजवळ आली. "आत्या, तू सांग. तू रोज यादी चालवतेस. मी काय करू?"

आत्याच्या तोंडावर उत्तर तयार होतं. सोडून दे पोरी, असं म्हणायला किती सोपं होतं, आणि ऐकायलाही किती चांगलं! पण पोरीने सोडलं आणि वरचं मिळालं नाही, तर सोमवारी काउंटरवर पोर आणि आत्या गाडीत. आपण चांगुलपणाने सांगतोय की त्या खिडकीखालच्या टेबलासाठी, हे तिचं तिलाच कळेना. तिला स्वतःची भीती वाटली.

"मला विचारू नकोस," ती म्हणाली. "माझा यात फायदा आहे."

"कसला फायदा?"

"तू अडकलीस की मी सुटते."

इतक्या वर्षांत या घरात हे कोणी मोठ्याने म्हटलं नव्हतं. धाकट्या डॉक्टरांनी हातमोजे काढायला सुरुवात केली आणि मग ते तसेच अर्धे ठेवले. मोठे डॉक्टर म्हणाले, "काहीतरी काय बोलतेस!" पण त्यात नेहमीचा जोर नव्हता.

बारकी आत्याकडे बघत राहिली. आत्याला वाटलं, आता ही रागावणार. पण पोर हसली, जराशीच. "बरं झालं सांगितलंस. या घरात मला पहिल्यांदा कोणीतरी खरं सांगितलं." मग ती खुर्चीपाशी गेली. "घे बाई तुझी गांडुळं," ती म्हणाली, आणि फोन काढून तिने खालच्या विद्यापीठाच्या पानावर 'नाकारत आहे' हे बटण दाबलं. पानाने विचारलं, नक्की का? तिने नक्की दाबलं.

"अरे अरे अरे!" मोठे डॉक्टर म्हणाले, पण त्या बटणाला त्यांचं ऐकू येत नव्हतं.

खालच्या विद्यापीठाला मात्र खरंच घाई होती. धाकट्या डॉक्टरांनी भूल पुन्हा तपासेपर्यंत दाढवालीचा फोन वाजला. ती बोलली, बऱ्याच वेळा "हो बाई" म्हणाली, आणि मग एका बाजूने हसली आणि दोन्ही डोळ्यांनी रडली, कारण दुसरी बाजू अजून बधिर होती. तिने सगळ्यांच्या देखत वरची जागा सोडली आणि बारकीला मिठी मारली. "तुला मिळणार बघ," ती म्हणाली. बारकीने मान हलवली.

मग दाढ निघाली. तिच्यासाठीच ती मुलगी आली होती, हे सगळेच विसरले होते.

पाच वाजले. घरातले सगळे बारकीच्या फोनकडे असे बघत बसले होते, जणू त्यातून बाळ जन्माला यायचंय. मेल आली. बारकीने ती मोठ्याने वाचली. तिचा अर्ज अजूनही विचाराधीन होता, जागा रिकामी झाल्यास कळवण्यात येईल, संयमाबद्दल आभार.

"आभार मानतायत म्हणजे देतील," वकील म्हणाला.

"झालं ते झालं," मोठे डॉक्टर खिडकीजवळच्या आपल्या खुर्चीत बसत म्हणाले. "सोमवारपासून काउंटर. एका वर्षाचा तर प्रश्न आहे."

आत्या तेव्हा आतल्या सिंकवर पेले विसळत होती. काउंटरवरचा फोन वाजला. बारकी जवळ होती. ती सहज आत शिरली, खुर्चीत टेकली आणि तिने फोन उचलला.

"दवाखाना. हो. हो काका, कळ कधीपासून आहे? थंड लागलं की जाते का? मग असं करा, उद्या सकाळी पहिल्या नंबरला या, मी डॉक्टरांना सांगून ठेवते. नाही हो, त्रास कसला." हे बोलताना तिने खांदा आणि कान यांच्यामध्ये फोन धरला होता, एका हाताने वही उघडली होती आणि दुसऱ्या हाताने समोरच्या कवळीवाल्या गृहस्थांना पाण्याचा ग्लास सरकवला होता.

ते गृहस्थ दिवसभरात पहिल्यांदा प्रसन्न दिसले. धाकटे डॉक्टर म्हणाले, "वा!" वहिनींच्याही तोंडावर नकळत कौतुक आलं.

"बघा," मोठे डॉक्टर म्हणाले. "शिकवायला लागलं का काही? रक्तातच आहे."

आत्या दारात ओले हात घेऊन उभी होती. हेच, अगदी हेच, तिच्याबद्दल म्हटलं गेलं होतं, आणि तिला तेव्हा किती अभिमान वाटला होता! आता काही करायची गरजच नव्हती. नुसतं गप्प बसलं की झालं. गाडीचं तिकीट काढायचं, मैत्रिणीला फोन करायचा. इतकी वर्षं जी सुटका मागितली ती समोर, पेन हातात घेऊन बसली होती, आणि तिचे केस अजून काळेभोर होते.

"ऊठ," आत्या म्हणाली.

"अगं, घेते ना मी फोन. तू दमलीयस."

"ऊठ म्हणते ना. तुला हे छान जमतंय, तेच वाईट आहे. वर माळ्यावर जाऊन बस, माती चाळ, नोकरी शोध, पुढल्या वर्षी पुन्हा अर्ज कर, काय वाटेल ते कर. या खुर्चीत एक दिवससुद्धा बसायचं नाही."

बारकी उठली. आत्याने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. सगळे निश्चिंत झाले. घोळ मिटला, आत्या बसली, सगळं होतं तसं. धाकटे डॉक्टर आत जायला वळलेसुद्धा. आत्यालाही वाटलं होतं की आपण बसणार. गुडघे सवयीने वाकलेही होते.

पण मघाशी त्या मुलीची जागा कशी सुटली, ते तिच्या डोळ्यांपुढे होतं. पलीकडे काही मिळेल याची खात्री नसताना एका पोरीने हातातलं सोडलं होतं, तेव्हा कुठे दुसरी हलली होती. आपण इथे बसून आहोत तोवर या माणसांना इथे माणूस लागतो हे कळणारच नाही, मग आपण बसो नाहीतर बारकी बसो. इतकी साधी गोष्ट, आणि ती कळायला आपल्याला म्हातारपण यावं लागलं, याचा तिला संताप आला आणि त्या संतापातच हसूही आलं.

तिने खुर्ची काउंटरच्या आत सरकवून दिली. पदराला हात पुसले, काउंटरची आडवी फळी उचलून बाहेर आली आणि वेटिंग रूममध्ये बारकीच्या शेजारी, पेशंटांच्या बाकावर बसली. इथून काउंटर कसा दिसतो हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. बराच उंच दिसत होता.

"हे काय?" मोठे डॉक्टर म्हणाले.

"माझं झालं, बाबा."

"झालं म्हणजे? मग तिथे कोण बसणार?"

"ते तुम्ही ठरवा."

फोन पुन्हा वाजायला लागला. वहिनींनी वकिलाकडे पाहिलं. वकिलाने धाकट्या डॉक्टरांकडे पाहिलं. धाकट्या डॉक्टरांनी हातमोजे घातलेले दोन्ही हात वर करून दाखवले. बारकी नकळत अर्धवट उठली, पण आत्याने तिचा हात धरून ठेवला. कोणाला तरी दात दुखत असेल, या विचाराने तिला बसवत नव्हतं, आणि तरी ती बसली होती.

फोन वाजतच राहिला.

"अरे, कोणीतरी घ्या तो!" मोठे डॉक्टर ओरडले.

"मग घ्या ना," आत्या म्हणाली, आणि जागची हलली नाही.